पत्र नको असल्यास इथे दाबा

थोरला भाऊ दादा मुलीकडे कायमचा राहायला गेला आणि कानाच्या मशिनांच्या दुकानात कानवाली एकटी उरली. हे नाव गिऱ्हाइकांनीच पाडलेलं. आजवर ती पडद्यामागे बसून मशिनं दुरुस्त करायची आणि दादा बाहेर बसून गप्पा हाणायचा. कमी ऐकू येणाऱ्या माणसांशी गप्पा मारायला छाती लागते. दादा एकच गोष्ट चारदा सांगायचा, आणि चौथ्यांदाही पहिल्यांदा सांगतोय अशा थाटात. कानवालीला ते जमत नसे. तिचं बोलणं म्हणजे "दुखतंय का?" आणि "झालं."

दादा गेल्यावर लोक मशीन पुढे करत, दुरुस्त झालं की उचलून निघत. पुढेपुढे येणंही विरळ झालं. दुपारच्या दुपार पंख्याखेरीज काही हलेना.

"आत्या, तू न्यूजलेटर काढ," भाची फोनवर म्हणाली. "महिन्यातून एकदा सगळ्यांना ईमेलवर पत्र. मशीन कसं जपायचं वगैरे. दुकान चालू आहे हे तरी कळेल. पण आधी एकेकाची परवानगी घे हं, आणि पत्ता."

कानवालीने फोन लावायला घेतले.

"तुमचा ईमेल हवा होता!"

"कोण मेलं?" पलीकडे एक निवृत्त बसचालक होते.

"कोणी मेलं नाही. ईमेल!"

"अरेरे! कधी?"

तासाभराने शेजारचा चष्मेवाला डोकावला. "भांडण कुणाशी चाललंय?" आपण इतक्या मोठ्याने इतकं बोललोय हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं. घसा बसला होता, पण बरं वाटत होतं.

पत्ते जमले. तशी मंडळी मूठभरच. भाचीने फोनवरून एकेक पायरी सांगितली: पाठवणाऱ्याचं नाव इथे, विषय इथे, मजकूर इथे. मशीन घाम पुसूनच डबीत ठेवा, केस धुताना काढा, शिट्टी वाजायला लागली तर कानात बसणारा साचा सैल झालाय असं समजा, एवढंच तिने लिहिलं. खाली एक ओळ आपोआप आली होती: पत्र नको असल्यास इथे दाबा.

"हे कशाला गं? आपणच बोलवायचं आणि आपणच दार दाखवायचं?"

"ते लागतंच, आत्या. ज्याला जायचंय त्याला जाता आलं पाहिजे. आता आधी स्वतःला पाठवून बघ."

तिने पाठवलं. तिचंच पत्र तिला आलं. तिला कुणी काही लिहून पाठवल्याला इतका काळ लोटला होता, की मजकूर पाठ असूनही तिने ते सावकाश शेवटपर्यंत वाचलं. मग सगळ्यांना धाडलं.

पत्र कुणी उघडलं ते संगणकाच्या पडद्यावर दिसत होतं. हातातलं काम ठेवून ती पुन्हा पुन्हा बघायला जाई. एक नाव उजळलं, मग आणखी एक. उत्तर मात्र कुणाचंच नाही. दुसऱ्या दिवशी एक नाव वेगळ्या रकान्यात जाऊन बसलं होतं. या व्यक्तीला पत्र नको आहे.

नाव स्टेशनबाईंचं होतं. त्यांचा उभा जन्म स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करण्यात गेला होता. दुकानातल्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक त्या. त्यांच्या कानाचा आकार कानवालीच्या बोटांना पाठ होता.

"अगं, एक गेली तर गेली," दादा फोनवर म्हणाला. "बाकीचे आहेत ना?"

"आहेत," ती म्हणाली. पण घास काही गोड लागेना. संध्याकाळी दुकान बंद करून, सफाईचं सामान पिशवीत टाकून ती स्टेशनबाईंच्या घरी गेली.

बेल दाबली की आत दिवा लुकलुके. तो दादानेच बसवून दिला होता. स्टेशनबाईंनी दार उघडलं. दोन्ही कान मोकळे.

"तोंड माझ्याकडे कर नि बोल," त्या म्हणाल्या.

"मशीन बिघडलं का?"

"बिघडेल कशाने? कपाटात आहे."

"मग माझं पत्र..."

"वाचलं. छान लिहिलंयस. पण मी मशीन घालतच नाही, मग ते पुसायचं कसं हे कळून करू काय?" त्यांनी पंखा बंद केला, जणू त्याचा आवाज त्यांना त्रास देत होता. "हे गेले, तेव्हापासून घरात बोलणारं कोणी नाही. कानात घालून ऐकायचं काय? भांडी? नळ? पहिले काही दिवस घातलं. घर किती गप्प आहे ते फार स्पष्ट ऐकू यायचं. त्यापेक्षा बहिरी बरी."

दादा असता तर काहीतरी बोलून गेला असता. कानवालीने फक्त हात पुढे केला. स्टेशनबाईंनी कपाटातून डबी आणून दिली. तिने साचे पुसले, नळ्या फुंकल्या, नव्या बॅटऱ्या घातल्या आणि मशिनं बाईंच्या कानात बसवली.

"दुखतंय का?" सवयीने तोंडून गेलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "तुझा आवाज बसलाय."

"फोन करून करून. एकाला वाटलं कुणी मेलंच."

बाई हसल्या. कानवालीने मग तो फोन पहिल्यापासून सांगितला. बाईंनी पुन्हा सांगायला लावला, तिने पुन्हा सांगितला. चहा झाला. बोलणं संपत आलं तरी ती उठली नाही.

"बुधवारी दुपारी दुकान रिकामंच असतं," ती शेवटी म्हणाली. "सगळ्यांनाच गप्पांना बोलवते. तुम्हीही या की."

"नको गं. चार माणसं एकदम बोलायला लागली की डोकं उठतं. तूच येत जा."

पुढच्या पत्रात कानवालीने शेवटी लिहिलं: बुधवारी दुपारी या, मशीन बिघडलेलं नसलं तरी.

"यात ऑफर काय आहे, आत्या?" भाचीने विचारलं.

"मी आहे."

पहिल्या बुधवारी बसचालक तेवढे आले, तेही फुकट बॅटरी मिळणार अशा समजुतीने. सुनेबद्दल बरंच बोलून गेले. त्यानंतर दोन बुधवार कोणी फिरकलं नाही. ती खुर्च्या मांडायची आणि संध्याकाळी उचलून ठेवायची. मग कुलूप लावून स्टेशनबाईंकडे जायची. कधी बाईंच्या कानात मशीन असे, कधी नसे. नसलं की ती समोर बसून तोंड त्यांच्याकडे करून बोले.

"कसं चाललंय तुझं पत्र?" दादाने एकदा विचारलं.

"जातंय दर महिन्याला," ती म्हणाली. "तुलाही पाठवते. तू उघडत नाहीस, दिसतं मला."

दादा म्हणाला, "वाचून दाखव ना आत्ताच."

तिने चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.