महिनाभराचा खाडा

हिंगणघाटच्या एका सरकी तेलाच्या गिरणीत प्रभाकरराव सत्तावीस वर्षं दिवाणजी होते. हजेरीबुक त्यांच्या हातात आणि ते स्वतः ताराचंद शेठजींच्या मुठीत. सलग पाच वर्षं नोकरी झाली की कामगाराला ग्रॅच्युइटी द्यावी लागते, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, हे शेठजींना चांगलं ठाऊक होतं. म्हणून दर चौथ्या दिवाळीनंतर दिवाणजींनी सगळ्यांचे राजीनामे घ्यायचे, हजेरीत महिनाभराचा खाडा दाखवायचा आणि मग तीच माणसं नवीन म्हणून भरायची. त्या महिन्यातही गिरणी चालूच असे, माणसंही तीच असत. मजुरी तेवढी साध्या चिठ्ठीवर.

"दिवाणजी, तुमचाही लिहा," शेठजी म्हणायचे. "दाखवायला फक्त. आप तो घर के आदमी हो."

आणि हा शहाणा माणूस आपल्या वळणदार अक्षरात आपलाच राजीनामा लिहायचा. घरचा माणूस! घरच्या माणसाला कधी कोणी ग्रॅच्युइटी दिली आहे?

साठी झाली. टिनाच्या दोन खोल्यांवर त्या पैशात स्लॅब टाकू, असं ते बायकोला, शरयूताईंना, दहा वर्षं सांगत आले होते. शेठजींनी शाल दिली, पेढा भरवला आणि म्हणाले, "कागदावर तुमची चार वर्षंही पुरी नाहीत."

वर्ध्याच्या कामगार कार्यालयात अर्ज गेला. साहेब म्हणाले, "खाडे खोटे असतील तर नोकरी सलग धरू. पण अक्षर तुमचंच आहे. त्या महिन्यांत तुम्हाला कामावर पाहिलेला साक्षीदार आणा."

नोकरीत असलेला कोण शेठजींच्या विरुद्ध बोलणार? उरली अन्नपूर्णाबाई. बावीस वर्षं तिनं गिरणीत पोती शिवली होती. तीन वर्षांपूर्वी तिनं याच कार्यालयात दावा लावला, तेव्हा खाल्ल्या मिठाला जागून दिवाणजींनी शपथेवर सांगितलं होतं, की बाई खाड्याच्या महिन्यांत कामावर नव्हती. दावा बुडाला होता.

तरी ते गेले, लाज गिळून. तिनं ऐकून घेतलं, चहा दिला.

"येतो ना, दिवाणजी. बलावलं त येतोच."

गरिबाचं मन मोठं असतं, असं त्यांनी घरी येऊन शरयूताईंना सांगितलं. असले विचार माणसाला आपल्या सोयीनंच सुचतात.

तारखेला ती वेळेवर आली. साहेबांनी विचारलं, "खाड्याच्या महिन्यांत हे कामावर होते का?"

"मले काय माईत, साहेब?" ती म्हणाली. "मी त्या महिन्यांत कामावर नव्हतीच. या दिवाणजीनंच शपथेवर सांगतलं ना अठी."

शेठजींचा वकील हसला. साहेबांनी प्रभाकररावांकडे पाहिलं. "असं सांगितलं होतं तुम्ही?"

होय म्हणावं तर साक्षीदार जात होता. नाही म्हणावं तर जुना जबाब तिथंच कपाटात होता.

"खोटं सांगितलं होतं, साहेब. बाई रोज कामावर होती. मीही होतो."

"तसं लिहून द्या."

त्यांनी पेन उघडलं. स्वतःचं नाव लिहायला घेतलं, तशी अन्नपूर्णाबाईनं कागदावर हात ठेवला.

"पयले माह्यं," ती म्हणाली. "बावीस वर्सं. पयले माह्यं लिवा."