खळाळ गप्प झाला

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली नदीचा खळाळ आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तो कानात बसलाय, नवऱ्याच्या घोरण्यासारखा. चालू असतो तोवर त्याची आठवण नसते, थांबला की दचकून जाग येते.

त्या रविवारी सकाळी मी कढईत डुकराच्या चरबीवर पीठ परतत होते आणि खळाळ थांबला.

एकदम नाही थांबला. आधी बारीक झाला, मग घोगरा, मग पाणी नुसतं सरकल्यासारखं वाजायला लागलं. नदीकाठी ज्यांनी हाडं झिजवलीत त्यांना हे सांगायला नको. पाणी थोडं असतं तेव्हा ते दगडांवरून बडबडत जातं. चढलं की दगड बुडतात आणि नदीची दातखीळ बसते. वर धरणाची यंत्रं सुरू झाली की असं होतं. भोंगा वाजवतात, नाही असं नाही, पण तो धरणापाशी. आमच्यापर्यंत भोंगा येत नाही, पाणीच येतं.

"हॉइट," मी म्हटलं, "आज वार कुठला?"

नवरा टेबलापाशी बसून चर्चला जायचे बूट पुसत होता. "रविवार. आता वारही विसरायला लागलीस का?"

"मग पाणी का चढतंय?"

"रविवारी पाणी सोडत नाहीत, झेल्फा."

इथलं शेंबडं पोरसुद्धा हेच सांगेल. रविवारी कारखाने बंद, वीज कमी लागते, म्हणून यंत्रं फिरत नाहीत. धरणवाल्यांनी असा शब्द कधी दिलेला नाही, उलट काठाकाठानं पाट्या ठोकल्यात की पाणी केव्हाही येईल. पण आमच्या लोकांनी बायबलच्या दहा आज्ञांना ही अकरावी आपल्या हातानं जोडली. त्या आठवड्यात उकाडा असा की कोंबड्या चोची वासून सावलीत पडलेल्या. लिटल रॉकपासून मेम्फिसपर्यंतच्या शहरांत घरोघरी हवा गार करायची यंत्रं घरघरत असणार. त्यांना वीज कुठून येते, हा विचार या ओझार्कच्या डोंगरात एकाही शहाण्याच्या डोक्यात आला नाही.

आणि व्हर्लीन नदीत होती.

व्हर्लीन माझी मुलगी, चाळिशीची घोडी. आठवडाभर शहरी लोकांना होडीत बसवून मासे धरायला शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी विसावा म्हणून पुन्हा मासेच धरायला जाते. उजाडता उजाडता निघाली होती, समोर जरा वरच्या अंगाला असलेल्या गोट्यांच्या बेटावर. पाणी उतरलेलं असलं की मांडीपर्यंत भिजून तिथं चालत जाता येतं. चढलं की परतीची वाट राहत नाही.

मी कढई उचलून बाजूला ठेवली. हात भाजला ते मला दुपारी कळलं.

बाहेर आलो तर धुकं. उन्हाळ्यात आमच्या नदीवर सकाळी असंच असतं. धरणाच्या तळातलं पाणी बर्फासारखं, वर हवा तापलेली, मग नदी चुलीवरच्या पातेल्यासारखी वाफ सोडत बसते. धक्क्याला बांधलेली होडी दिसत होती, तिच्यापुढं काही नाही. पायरीवर कोणीतरी पांढरा दगड ठेवला होता. कोणीतरी म्हणजे तीच. पाण्यात उतरणारा माणूस इथं आधी पाण्याच्या कडेला दगड ठेवतो आणि तसाच दुसरा, जिथं उभा राहणार तिथं. दगड बुडाला की गळ गुंडाळून निघायचं, वाद घालायचा नाही. पायरीवरचा दगड वीतभर पाण्याखाली होता.

"व्हर्लीन," मी ओरडले. धुक्यानं माझा आवाज गिळला आणि ढेकरही दिली नाही.

हॉइटनं मोटर सुरू केली. मी पुढं बसले आणि तोंडानं तिला शिव्या घालत होते. मला ठाऊक होतं ती काय करत असेल. पाणी चढू लागलं की दगडांखालचे किडे सुटून वाहत येतात, आणि खोल डोहातले मोठे तपकिरी ट्राउट भुकेनं वेडे होऊन वर येतात. त्याला आम्ही पहिलं पाणी म्हणतो. अख्ख्या महिन्यात हाती लागत नाही तो मासा पहिल्या पाण्यात लागतो. दगड बुडालेला दिसत असतो आणि माणूस म्हणतो, एकदाच टाकतो. असं म्हणणारे दोघेजण चर्चमागं झोपलेत.

त्यात तिचा तो तंगूस, गळाचा बारीक दोरा. सकाळी निघताना त्यावरूनच आमची जुंपली होती.

"हा तंगूस आहे की कोळ्याचं जाळं?" मी विचारलं होतं. "यावर मासा ओढशील कशी?"

"ओढायचा नसतो, आई. दमवायचा असतो. जाड तंगूस त्यांना दिसतो."

"आम्ही दाव्याएवढ्या दोरानं धरले."

"तुम्ही टाकीत वाढलेले खुळे धरले. ते मक्याच्या दाण्यालाही तोंड लावायचे. हे तपकिरी इथंच जन्मलेत, यांना अक्कल आहे."

बोलली ते खोटं नव्हतं. मी नवी नवरी होते तेव्हा ही नदी कोमट होती. शिंगाळे आणि बास हे मासे असायचे, अंघोळही करता यायची. धरण झालं, पाणी गारठलं, दोन हिवाळ्यांत ते मासे नाहीसे झाले. मग सरकारनं गाड्या भरभरून गुलाबी पट्ट्याचे ट्राउट आणून ओतले. आता तपकिरी आपले आपण अंडी घालतात, मोठे होतात आणि सरकारचे गुलाबी खाऊन टाकतात. बरंच आहे म्हणा. पण असल्या माशाला केसाएवढ्या तंगुसानं दमवायचं तर तासभर नदीत उभं राहावं लागतं, आणि आज नदी थांबणार नव्हती.

"आणि ही रीळ?" मी पुढं विचारलं होतं. तिची तंगूस गुंडाळायची नवी रीळ बिघडली होती, म्हणून तिनं खुंटीवरची माझ्या बापाची काढली होती. "हिला तर कॉफी दळायचं यंत्र म्हणायचीस ना?"

"अजूनही म्हणते. पलीकडच्या गावात ऐकू जाईल एवढी करवादते."

होडी काठाकाठानं वर गेली. बेट जिथं असायला हवं तिथं फेस फिरत होता. पानं, काटक्या, एक कुजकं फळकूट. बेट नव्हतं.

"मोटर बंद कर," मी म्हटलं.

"मोटर बंद केली तर वाहत जाऊ."

"तिच्या आवाजात मुलगी ऐकू येणार नाही. बंद कर म्हणते ना."

त्यानं बंद केली आणि वल्हं हातात घेतलं. होडी आपली आपण खाली सरकू लागली. एवढी शांतता मी त्या नदीवर आयुष्यात ऐकली नव्हती. मी हाक मारली, थांबले, कान दिला. पुन्हा हाक मारली. हॉइट वल्ह्यानं होडी सावरत होता. पन्नास वर्षं या माणसाला गप्प बस म्हणत आले, आणि त्या दिवशी वाटलं, बाबा, काहीतरी बोल.

मग कर्र आवाज झाला.

थांबला. पुन्हा कर्र, लांबलचक.

"रीळ," हॉइट म्हणाला.

माझी भीती क्षणात रागात फिरली. मासा लागलाय. बेट बुडालंय, आईबाप धुक्यात ऊर फोडतायत, आणि ही उभी राहून मासा दमवतेय. मनात म्हटलं, आधी हिला वाचवीन आणि मग माझ्या हातानं मारीन.

आवाजाच्या रोखानं हॉइटनं होडी वळवली. धुक्यातून आधी गळाची काठी दिसली, मग टोपी, मग ती. छातीपर्यंत पाण्यात, प्रवाहाला पाठ देऊन. ओठ निळे.

"तोड तो तंगूस," मी ओरडले. "सोड मासा, बये."

तिनं मान हलवली. दात एवढे वाजत होते की शब्द फुटत नव्हता. मग मला तिचा हात दिसला. ती हातानंच रिळावरचा तंगूस खेचून काढत होती. काठीच्या टोकाला काहीच नव्हतं. मासा नव्हताच. तिचा आवाज बसला होता, म्हणून ती माझ्या बापाची रीळ वाजवत होती.

"पाय," ती म्हणाली. "अडकला. दगड बुडाला तशी निघाले होते मी."

हॉइटनं मोटर सुरू करून होडीचं तोंड वरच्या अंगाला केलं आणि तिच्या शेजारी धरून ठेवली. नांगर टाकायचा नाही हे त्याला सांगावं लागलं नाही. चढत्या पाण्यात नांगर टाकला की पाणी होडीला तळाशी नेतं. मी वाकून तिच्या काखेत हात घातला आणि ओढलं. ती वितीएवढी वर आली आणि किंचाळली. बूट दोन कपारींच्या मध्ये पाचर मारल्यासारखा. छातीपर्यंतची रबरी विजार, बूट तिलाच चिकटवलेले, पाण्याखाली पाय काढणार कसा? पाणी आता तिच्या काखेला टेकत होतं.

"झेल्फा, लवकर," हॉइट म्हणाला. "मोटर तापतेय."

मी मासे कापायची सुरी काढली आणि तिच्या खांद्यावरचा पट्टा कापला. मग दुसरा. मग कमरेच्या पट्ट्याला हात घातला, तर तिनं माझं मनगट धरलं.

"तो नको, आई. पाणी भरेल."

कमरेचा पट्टा सुटला की विजारीत पाणी भरतं आणि माणूस दगड होतो. तिला बोलता येऊ लागलं तेव्हापासून हे मीच तिच्या डोक्यात भरलं होतं. तिच्या डोळ्यांत बघितलं तर ती मला ओळखत नसल्यासारखी बघत होती.

"भरू दे," मी म्हटलं. "शिंगाळा सोललायस कधी?"

"काय?"

"नाहीच सोललास. तुझ्या वेळी होते कुठं शिंगाळे? कातडं एकीकडं राहतं, मासा एकीकडं. कातडं नदीला देऊन टाक."

पट्टा कापला. विजार वरपासून कमरेपर्यंत उभी फाडली. गार पाणी भसकन आत शिरलं आणि ती खाली गेली, नाकापर्यंत. तेवढा वेळ मी काय केलं ते मला आठवत नाही. हॉइट म्हणतो मी देवाला शिव्या दिल्या. मी दोन्ही हातांनी तिच्या अंगातला लोकरी सदरा धरला, पाय होडीच्या फळीला लावले आणि मागं पडले. ती त्या रबरातून सुटली आणि माझ्या अंगावर येऊन आदळली, अनवाणी, एक पाय रक्ताळलेला. तिला उलटी झाली ती माझ्या चर्चच्या झग्यावर. काठी कुठं गेली कोणी बघितलं नाही. तिच्यावरून निखळलेली रीळ मात्र तिनं मुठीत धरली होती.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि खळाळ बोलू लागला, तसे आम्ही तिघं होडीतून तिथं गेलो. ऊन होतं, तळ दिसत होता. विजार उभी होती. बूट कपारीत, वरचं फाटकं रबर प्रवाहात हलणारं, जणू आत कोणीतरी आहे आणि वर बघतंय.

"आई," व्हर्लीन हळूच म्हणाली. "त्याच्या मागं बघ."

विजारीच्या आडोशाला एक तपकिरी ट्राउट उभा होता, माझ्या हाताएवढा. प्रवाह टाळून आरामात, घरमालकासारखा.

"जाड तंगूस लाव," ती म्हणाली. "तुझा."

मी गळ घेतला आणि तंगूस ओवायला गेले. एकदा चुकला. दुसऱ्यांदा ओवला तर गाठ बसेना. जन्मभर डोळे मिटून ज्या गाठी मारल्या, त्यातली एक बसेना.

"चष्मा घरी राहिला," मी म्हटलं.

चष्मा माझ्या नाकावर होता. व्हर्लीननं तो बघितला, माझे हात बघितले, आणि एरवी सात गावं डोक्यावर घेणारी ती मुलगी हळूच तंगूस परत गुंडाळू लागली.

"आज सोमवार," हॉइट म्हणाला. "पाणी येईल."

तिघंही कान देऊन बसलो. खळाळ बडबडत होता. तरीही मी नवऱ्याला म्हटलं, मोटर सुरू कर.