एका विहिरीचे पांडव

हिंगणीच्या शिवारात दोन भावांची विहीर एक आणि मोटरही एकच. पाणी पाळीपाळीनं घ्यायचं, असं ठरलेलं. एका रात्री धाकट्या गुलाबनं थोरल्या आदेशच्या पाळीत मोटर चालवली. सकाळी आदेशनं स्टार्टरच्या पेटीला कुलूप ठोकलं. वैशाखाचं ऊन, दोनच दिवसांत गुलाबची वांगी माना टाकू लागली.

"धर्माची लढाई हाये ही," आदेश पारावर सांगायचा. "पांडवायनं कुठं माघार घेतली?"

गुलाबही हेच सांगत होता. फक्त त्याच्या सांगण्यात पांडव तो होता.

दुपारी कडुनिंबाखाली आदेशचा डोळा लागला. वांग्यांच्या सऱ्या लांबत लांबत धुरकट रणांगण झाल्या. बांधावरचे बगळे शंखांसारखे मिटून बसलेले. तो रथात उभा, हातात धनुष्य. समोर गुलाब, डोक्यावर रिकामी टोपली. 'मी बरोबर आहे ना?' आदेशनं विचारलं. सारथ्याच्या जागी कोणीच नव्हतं. घोडे तेवढे निवांत वांग्याची पानं खात होते.

जाग आली तेव्हा आई, कुंताबाई, शिदोरी घेऊन शेजारी बसली होती. स्वप्न ऐकून ती हसली.

"तू पांडव, गुलाबबी पांडव. मंग कौरव कोनाचे रे? मले काऊन गांधारी करून राह्यला?"

"माय, पन चूक त्याची हाये!"

"पोथीत चूक कोनाची, ते सांगनारा असते. इथं कोन हाये? मोटर काऊन चालवली, हे त्याले विचारलं का तू?"

विचारलंच नव्हतं!

आदेश उठला, बांध ओलांडून गुलाबकडे गेला. "काऊन बे, माह्या पाळीत मोटर काऊन लावली?"

"माह्या पाळीत लाइन गेलती, दादा. आली तवा तू घोरून राह्यलता. हाक मारली, तं कूस बदलली तुनं."

"मंग सकाळी सांगाचं ना!"

"सकाळी पेटीले कुलूप. बोलू कोनाले, कुलपाले?"

आदेशला हसू आवरेना. लाइन गेली तर पाळी पुढं सरकेल, असं दोघांनी तिथंच ठरवलं. संध्याकाळी मोटर सुरू झाली आणि पहिलं पाणी गुलाबच्या वांग्यांना गेलं.

वाचकहो, भाऊ भावाशी लढला की मागे काय उरतं, हे पुराणकथा आपल्याला दाखवतात. पण आपल्या भांडणात पांडव कोण, हे त्यांत लिहिलेलं नसतं. ते समोरच्यालाच विचारावं लागतं, आणि पीक वाळण्याआधी विचारावं लागतं!