साखरेत करंट

“साखरेच्या पाण्यात दिवा लागला, तर मी शिकवणं सोडून बाजारात भजे तळीन,” असं उज्वला मॅडम भर वर्गात म्हणाल्या, तेव्हा दहावीचा सबंध वर्ग जागा होता. आमच्या शाळेत हे क्वचित घडतं आणि घडतं तेव्हा नेमकं नको तेच मुलांच्या लक्षात राहतं.

शाळा चाकूर तालुक्यातली. उज्वला मॅडम तिथे विज्ञान शिकवतात आणि मनापासून शिकवतात, एवढाच काय तो त्यांच्यावर आक्षेप. त्या दिवशी धडा होता सहसंयुज बंधाचा. मागच्या बाकावर संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब बसले होते. ते खरं तर शाळेचं छत कुठं गळतं ते बघायला आले होते. पण गळती बघायला मान वर करावी लागते आणि त्यांच्या मानेला पट्टा होता. म्हणून ते वर्गात बसले.

“मिठाचं घर देण्याघेण्यावर चालतं,” मॅडम सांगत होत्या. “सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन तो घेतो. देणाऱ्यावर अधिक चिन्ह, घेणाऱ्यावर उणे. पाण्यात पडले की दोघं सुटे होतात, इकडंतिकडं फिरतात, आणि त्यांच्या फिरण्यानं करंट वाहतो. साखरेचं तसं नाही. तिथं कुणी देत नाही, कुणी घेत नाही. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन सगळ्यांनी इलेक्ट्रॉन सामाईक ठेवलेत. दोन भावांनी बांधावरची विहीर सामाईक ठेवावी तसे.”

“आमच्या सामाईक विहिरीवर तर रोज भांडण हाय मॅडम,” पहिल्या बाकावरची पुनम म्हणाली.

“रेणूत भावजया नसतात. पुढं ऐक. साखर पाण्यात विरघळते म्हणजे काय होतं? रेणू शेजाऱ्यापासून सुटतो. शेजाऱ्याशी त्याचं नातं बेताचंच असतं, म्हणून साखर चुलीवर लगेच वितळते, मीठ वितळत नाही. पण रेणूच्या घरातली माणसं एकमेकांना सोडत नाहीत. सुटं कुणी नाही, कुणावर चिन्ह नाही, म्हणून करंट नाही.”

आणि मग ती भज्यांची पैज.

टेबलावर दोन ग्लास होते. नऊ व्होल्टची बॅटरी, वायरी, पेन्सिलीतल्या शिशाच्या दोन कांड्या आणि एक बारका एलईडी दिवा. मिठाच्या पाण्यात कांड्या बुडवल्या, दिवा लख्ख लागला. कांड्या पुसून साखरेच्या पाण्यात बुडवल्या.

दिवा लागला.

लख्ख नाही, पण मानेला पट्टा असलेल्या माणसाला मागच्या बाकावरून दिसेल इतपत लागला.

मग पुनमनं अदबीनं विचारलं, “मॅडम, भजे कांद्याचे का मिरचीचे?”

हशा होण्याआधीच आप्पासाहेब उठून उभे राहिले. ते जवळच्या साखर कारखान्याचे संचालकही आहेत. त्यांचा आवाज भरून आला होता. “अरे, साखरेत करंट हाय! इतकी वर्षं आपण उसाला नुस्तं गोड समजून राहिलो!”

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आमच्याकडे वीज टिकत नाही, पण विजेची बातमी टिकते. मुख्याध्यापक संगप्पा सरांनी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी शाळेचं नाव नोंदवूनही टाकलं. विषय : ‘साखरेतून वीज’. साखर स्वतः आप्पासाहेब आणणार होते, वार्ताहरासकट.

“सर, काहीतरी चुकलंय,” मॅडम त्यांच्या खोलीत जाऊन म्हणाल्या.

“काय चुकलं?”

“दिवा लागायला नको होता.”

संगप्पा सरांनी चष्मा काढला. “मॅडम, मी वीस-पंचवीस वर्षं नोकरी केली. दिवा लागला म्हणून तक्रार घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्याच.”

मॅडमना भज्यांची भीती नव्हती. भजे त्या चांगले तळतात. बोचत होतं दुसरंच. दुसऱ्या दिवशी वर्गात फिरताना त्यांना दिसलं, की मुलांनी पाठ्यपुस्तकातल्या ‘सहसंयुज संयुगे विजेचे वाहक नसतात’ या ओळीतलं ‘नसतात’ खोडून वर पेनानं ‘असतात’ लिहिलंय. सगळ्यांनी. आजवर ज्या पोरांनी पुस्तक उघडलं नव्हतं त्यांनीसुद्धा या कामासाठी उघडलं होतं.

“पुस्तकात चूक हाय मॅडम,” पुनम म्हणाली. “आम्ही डोळ्यांनी बघितलं ना.”

डोळ्यांनी बघितलेलं तोंडानं पुसता येत नाही. आता प्रदर्शनात याच पोरांसमोर तो दिवा विझलेला दाखवणं, एवढाच मार्ग उरला होता. आणि दिवा का लागला, हेच मॅडमना कळत नव्हतं.

ते कळलं घरी, मोरीत. कांड्या धुवायला त्यांनी बादलीत बुडवल्या आणि बॅटरी काढायची राहून गेली. बादलीतल्या साध्या पाण्यात दिवा मजेत लागला. मॅडम इतक्या मोठ्यानं हसल्या, की सासूबाई विठाबाई देवघरातून उठून आल्या.

“काय गं, काय झालं?”

“आत्याबाई, नुसत्या पाण्यात लागतोय! साखर बिचारी निर्दोष आहे. आपल्या गावच्या बोअरचं पाणीच खारं. मी आधी नुसतं पाणी तपासायला पाहिजे होतं!”

विठाबाईंनी वाकून दिव्याकडे बघितलं. “या पाण्यात डाळ शिजंना, साबणाला फेस येईना, भांड्यावर पांढरं पुट चढतंय. चला, दिवा तरी लागला. कशाच्या तरी कामाला आलं मेलं.”

दोष सापडला, पण उपाय सापडेना. पाहिजे होतं निव्वळ पाणी. ज्यात पाण्याशिवाय काहीच नाही असं. लग्नकार्यात येतो तो थंड पाण्याचा जार आणला. त्यातही दिवा लागला, जरा लाजत. बॅटरीवाल्याच्या दुकानातून डिस्टिल्ड पाण्याचा सीलबंद कॅन आणला. त्यात तर दिवा बादलीपेक्षा जोरात लागला.

“हे डिस्टिल्ड आहे?” मॅडमनी दुकानात जाऊन विचारलं.

“शंभर टक्के. घरचंच हाय,” दुकानदार अभिमानानं म्हणाला. त्याच्या घरी नवीन बोअर लागला होता.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला तेव्हा मॅडमकडे बॅटरी होती, दिवा होता, ग्लास होते, पाणी नव्हतं. भादव्यातलं ऊन, पाऊस पडून गेलेला, अंगाला चिकचिक. चाकूरला उतरून पोरांना घेऊन त्या प्रदर्शनाच्या हॉलकडे निघाल्या आणि एका एटीएमसमोर थबकल्या.

हे एटीएम तालुक्यात प्रसिद्ध आहे. त्यात पैसे असल्याचं कुणी पाहिलेलं नाही, पण एसी अहोरात्र चालू असतो. माणसं दुपारी तिथं कार्ड न घेताच जातात, घाम वाळवतात आणि समाधानानं बाहेर पडतात. एसीची नळी बाहेर भिंतीवर सोडलेली, तिच्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं.

मॅडमनी कपाळाला हात लावला. “अरे, हे तर हवेतलं पाणी! वाफ थंड होऊन थेंब झालाय. वाफेबरोबर क्षार येत नाहीत. पुनम, बाटली काढ!”

“मॅडम, लोक बघून राहिले.”

“बघू दे. या मशीनमधून काहीतरी निघालं, याचाच त्यांना आनंद होईल.”

बाटली रिकामी करून नळीखाली धरली. पहिल्या पाण्यानं ती खळाळून धुतली, मग भरायला लावली. रस्त्यावर गर्दी जमली. एकानं विचारलं, “पैसे आले काय?” पुनम म्हणाली, “सुटे आलेत.”

प्रदर्शनाचा हॉल गच्च भरला होता. परीक्षक नांदेडच्या कॉलेजातले व्यंकटराव सर. सकाळपासून त्यांनी चार ज्वालामुखी पाहिले होते आणि चारही एकाच सोड्यानं उसळले होते. आमच्या शाळेच्या टेबलापुढे पहिल्या रांगेत आप्पासाहेब, शेजारी वार्ताहर, आणि मांडीवर कारखान्याच्या साखरेची पिशवी.

संगप्पा सरांनी मॅडमना बाजूला घेतलं. “मॅडम, लागेल ना दिवा?”

“नाही लागणार सर.”

“ईश्वरा,” असं म्हणून संगप्पा सर खांबामागे उभे राहिले. तिथून त्यांना दिवा दिसत नव्हता आणि आप्पासाहेबांना ते दिसत नव्हते.

मॅडमनी पहिला ग्लास पुढे केला. “हे आमच्या गावच्या बोअरचं नुसतं पाणी. साखर नाही, काही नाही.” कांड्या बुडवल्या. दिवा लागला. दहावीच्या पोरांच्या माना एकदम पुढे आल्या.

“आँ? नुस्त्या पाण्यातच?” पुनम म्हणाली.

“नुसत्या पाण्यातच. त्या दिवशी दिव्याचं श्रेय साखरेनं फुकट खाल्लं.” मॅडमनी बाटली उचलली. “आता हे निव्वळ पाणी. यात आप्पासाहेबांनी आणलेली साखर घालते.”

साखर घातली, ढवळली, कांड्या बुडवल्या. दिवा लागला.

म्हणजे अगदी मिणमिणता, पण लागला. आप्पासाहेबांनी टाळी वाजवली. मागून एक पोरगं ओरडलं, “भजे!” मॅडमनी ग्लासाकडे पाहिलं, मग कांड्यांकडे. कांड्या बोअरच्या पाण्यातून काढल्या होत्या त्या तशाच ओल्या. आणि ग्लास? ग्लास सकाळी विठाबाईंनी घासून चकचकीत करून दिलेले. बोअरच्या पाण्यानंच.

“एक मिनिट,” मॅडम म्हणाल्या. बाटलीत अर्ध्याहून कमी पाणी उरलं होतं. त्यातल्या थोड्यानं त्यांनी ग्लास रिकामा करून विसळला, कांड्या विसळल्या, पुन्हा विसळल्या. उरलेलं ग्लासात ओतलं. जेमतेम कांड्या बुडतील एवढं. चिमूटभर साखर. सगळा हॉल टाचा उंच करून उभा.

कांड्या बुडवल्या.

दिवा लागला नाही.

मॅडमनी कांड्या हलवल्या, जवळ आणल्या. अंधार. व्यंकटराव सर टेबलावर वाकले, हाताची ओंजळ करून आत डोकावले. पार अंधार.

“बल्ब उडाला असंल,” मागून कुणीतरी म्हणालं. “नाहीतर लाइट गेली असंल. आमच्याकडं गेलीच हाय.”

मॅडमनी त्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं. दिवा लख्ख पेटला. पोरांच्या तोंडून “हाऽऽ” असा सूर निघाला. आणि पुनमनं काय करावं? दप्तर उघडलं, पुस्तक काढलं आणि ‘असतात’वर काट मारली. शेजारच्या पोरानं तिचा पेन मागितला. मग टाळ्या सुरू झाल्या. दिवा लागला नाही म्हणून आमच्या तालुक्यात टाळ्या पडल्या, असं आजवर झालं नव्हतं. एरवी याच गोष्टीसाठी आम्ही मोर्चा काढतो.

टाळ्या थांबल्या, कारण आप्पासाहेब उभे राहिले होते. चेहरा पडलेला. “म्हणजे मॅडम... आमची साखर फेल?”

खांबामागून संगप्पा सरांचा उसासा ऐकू आला.

“फेल कशी आप्पासाहेब? पास!” मॅडम म्हणाल्या. “साखरेत राख, क्षार राहिले असते तर दिवा लागला असता. तुमच्या कारखान्याच्या लॅबमध्ये साखर कशी तपासतात विचारा. पाण्यात विरघळवून करंट मोजतात. जितका करंट कमी, तितकी साखर स्वच्छ. तुमच्या साखरेत काहीच सापडलं नाही.”

आप्पासाहेबांनी विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर रंग हळूहळू चढत गेला, पाक चढावा तसा. मग ते वार्ताहराकडे वळले.

“लिहा,” ते म्हणाले. “आमच्या साखरेत करंट न्हाई म्हणजे न्हाई! मी पयल्यापासून हेच सांगून राहिलो.”

व्यंकटराव सरांनी पहिला क्रमांक देऊन टाकला. जाताना हळूच मॅडमना म्हणाले, “पाणी एवढं शुद्ध कुठून आणलं हो? आमच्या कॉलेजचं मशीन बंद पडून राहिलंय.”

“एटीएममधून.”

सरांनी काही विचारलं नाही. ते नांदेडचे होते. त्यांच्याही गल्लीत एटीएम होतं.

आता राहिले भजे. मॅडमचं म्हणणं, पैज आपण जिंकली. वर्गाचं म्हणणं, दिवा एकदा लागला होता तो लागलाच होता, आणि शब्द म्हणजे शब्द. पुनमनं वकिली केली, “मॅडम, शिकवणं सोडू नका. तेवढी शिक्षा माफ. पण तळणं माफ न्हाई.”

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मैदानात चूल पेटली. विठाबाई पिठाच्या परातीपुढे बसल्या, मॅडम कढईपुढे. आप्पासाहेब मानेचा पट्टा सोडून आले होते. छताची गळती त्यांनी अखेर बघितली आणि ती आहे असं मान्य केलं. संगप्पा सर खांब सोडून भज्यांच्या अगदी जवळ उभे होते.

पुनम बॅटरी घेऊन आली होती. तिनं कांड्या परातीतल्या पिठात खुपसल्या.

“मॅडम! पिठात लागला!”

“लागणारच. मीठ टाकलंय त्यात.”

“मंग तेलात?”

“तेलात नाही लागणार. का ते सांग.”

“सामाईक विहीर,” पुनम म्हणाली. “कुणी सुटं न्हाई. लावून बघू?”

“उकळत्या तेलात हात घालतीस काय गं बाई, लांब हो!” विठाबाई ओरडल्या आणि तिच्या हातात गरम भजं ठेवलं. “आधी हे खा. करंट बसला का सांग, मिरचीचं हाय.”