द्वारपालिणीचे डोळे

"हिचे डोळे कोणी आखले गो? झोपेत आखले काय?"

नाकाला टेकेल इतका जवळ खेळायचा एक पत्ता धरून, मान तिरकी करून मामंजी पुटपुटत होते. माझ्या सासऱ्यांची ही कुरकुर आमच्या कारखान्यातल्या भिंतींनासुद्धा पाठ आहे, पण ती गणपतीच्या मूर्तींबद्दल असते. पत्त्यावरच्या बाईबद्दल मी पहिल्यांदाच ऐकली.

"आजोबा, हात नका लावू. साईराजचं आहे ते." किमया खाली चटईवर पत्ते मांडून बसली होती. "आणि पत्ता नाही, कार्ड म्हणायचं."

"कार्ड तर कार्ड. कड उडलेय हिची. नखाला खरखरतेय."

"जुनं आहे म्हणून. कंपनीचा माल असाच असतो."

"मग कंपनीला सांग, इथं जोह्याला पाठव. आम्ही आखून देतो."

किमया हसली. मीही हसले, पण माझं हसू तोंडातच राहिलं. का ते सांगते.

किमया माझी मुलगी, पेणच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. दोन वर्षांपूर्वी हे पत्त्यांचं वेड घरात आलं. शेजारच्या गिरजाबाईंनी मला भर रस्त्यात गाठून विचारलं, "नूतन, तुझी पोर पत्ते कुटते म्हणतात. जुगार हाय का?" मी म्हटलं, जुगार नाही, कॉम्बो आहे. त्या म्हणाल्या, "म्हणजे रामवाडीच्या हॉटेलात असतो तसा? वडापाव आन् चा?" खरं सांगायचं तर तेव्हा मलाही त्याहून जास्त कळत नव्हतं.

आता कळतं. मी रंग घोटताना किमया समोर बसून माझ्याशीच खेळायची, न कळून करते काय. या खेळात ज्याचा त्याने आपला डेक, म्हणजे पत्त्यांची गड्डी, बांधून आणायचा असतो. पैसेवाली मुलं महागडे पंखवाले राक्षस विकत घेतात आणि सरळ अंगावर सोडतात. किमयाने डेक बांधला तो लोकांनी टाकलेल्या पत्त्यांचा. कुणाच्या खोक्यातले, कुणी फुकट दिलेले. त्यांची नावं इंग्रजी आहेत, मी आपली मराठीत ठेवलीत. एक बेडूक. तो आला की लगेच मरतो आणि परत हातात येतो. कुणाला नको असतो, कारण मरणारा बेडूक घेऊन करायचं काय? दुसरी दिवटी. टेबलावर कोणीही मेलं, आपलं किंवा त्यांचं, की ती समोरच्या खेळाडूला एक चटका देते. एक चटका म्हणजे काहीच नाही, म्हणून तीही कुणाला नको. पण तिसरी द्वारपालीण. ती मांडली की तिच्या दारातून लहान प्राण्यांना फुकट आत येता येतं. म्हणजे बेडूक फुकट येणार, मरणार, चटका देणार, हातात परतणार, पुन्हा फुकट येणार. समोरचा संपेपर्यंत.

"बेडकाने राक्षस मारायचा," किमया म्हणायची, आणि तिचे डोळे असे चमकायचे की मी हातातला रंग विसरायची.

अडचण एकच. द्वारपालीण महाग. डेकमध्ये ती एकच ठेवता येते, बाकीचे निम्मे पत्ते तिला शोधून आणण्यासाठीच. ती नसेल तर उरतो नुसता बेडकांचा तलाव. शेवटी रोह्याच्या साईराजने आपली दिली. किमयाच्या वर्गातला, रोज गाडीने पेणला येणारा. "जिंकलीस की परत दे," म्हणाला, "हरलीस तरी परत दे." रविवारी रोह्यात स्पर्धा होती, आणि जिंकणारा पुढच्या फेरीला मुंबईला जाणार होता. आजवर किमयाने आमच्याकडे काही मागितलं नव्हतं. एवढंच म्हणाली होती, "आई, तू ये बघायला."

आता हसू तोंडात का राहिलं ते.

मामंजी म्हणजे जनूबाबा. मूर्ती घडते साच्यात, रंगते दहा हातांनी, पण डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय ती गणपती होत नाही, आणि आमच्या कारखान्यात आखणी म्हणजे जनूबाबा. व्यापारी मूर्तीचे डोळे बघून विचारत, "बाबांचा हात ना?" गेल्या हंगामापासून मात्र डोळे चुकायला लागले. आधी एखादा. मग बुबुळ पापणीवर चढलेलं, एक डोळा वर, एक खाली. माझ्या नवऱ्याने, प्रविणने, मूर्ती उजेडाला धरली, माझ्याकडे बघितलं, आणि ती माझ्यापुढे ठेवली. कारण मला आखणी येते. शिकवली कोणी नाही. त्यांच्या पाठीमागे बसून वर्षानुवर्षं दागिने रंगवता रंगवता बघून उचलली. पाठीमागून कोपर दिसायचं, ब्रशचं टोक दिसायचं नाही, म्हणून थोडी अंदाजाने.

तेव्हापासून असं चाललंय. सकाळी मामंजी आखतात. दुपारी जेवून ते आडवे झाले की मी टर्पेंटाइनचा बोळा घेते, त्यांचे डोळे पुसते आणि माझे काढते. संध्याकाळी प्रविण त्यांना सांगतो, "बाबा, आज काय नजर उतरलेय!" कारागीरही मान डोलावतात. किमयालाही माहीत आहे. डॉक्टरचं नाव कोणी काढत नाही, कारण डॉक्टरचं नाव काढायचं म्हणजे आधी कारण सांगायला हवं. बोळा फिरवताना मी मूर्तीच्या तोंडाकडे बघत नाही. देवाचा डोळा पुसताना कुठे बघायचं असतं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

ती पत्त्यावरची कुरकुर शनिवारी सकाळची. दुपारी किमया पत्ते कारखान्यातल्या टेबलावर ठेवून आंघोळीला गेली. मामंजी त्या दुपारी आडवे झाले नाहीत. माझ्याकडे पाठ करून टेबलाशी बसले, हातात बारीक ब्रश. परदेशी जाणारा माल दुसऱ्या दिवशी उचलायचा होता आणि सकाळच्या फळीभर मूर्ती माझी वाट बघत होत्या. ते काहीतरी रंगवतायत हे मला दिसलं. काय ते मी बघितलं नाही. बरंच झालं, गुंतलेत, एवढंच मनात आलं. आणि त्यांच्या पाठीमागे बसून मी त्यांचे डोळे भराभर पुसले.

रात्री किमयाने पत्ते न बघता, पालथेच कव्हरांत भरले. रविवारी मामंजीही निघाले. "नात खेळणार आन् मी घरात बसू?" जोह्याहून बसने पेण, पेणहून गाडीने रोहा. डब्यात ते किमयाला म्हणाले, "आज तुझा माल एकदम चोख दिसंल बघ." तिला वाटलं, आशीर्वाद देतायत. तिने वाकून नमस्कार केला.

स्पर्धा एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या हॉलमध्ये होती. लांब टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि पेपरला बसल्यासारखी गप्प मुलं. मुली म्हणाल तर किमया आणि दुसरी एक. मी आणि मामंजी भिंतीला टेकून बसलो. साईराज आमच्यासाठी चहा घेऊन आला.

पहिल्याच डावात किमयाने एक पत्ता उचलला आणि तिचा हात थांबला. तिने एकदा पत्त्याकडे बघितलं, एकदा आजोबांकडे, मग माझ्याकडे. मग तो मांडला. बेडूक आला, मेला, आला, मेला. समोरचा मुलगा हसायला लागला, मग हसायचा थांबला. किमया जिंकली. पण तिच्या तोंडावर काही नव्हतं.

"जिंकली ना?" मामंजींनी मला विचारलं.

"जिंकली."

"मंग टाळ्या का नाय?"

मी उठून टेबलापाशी गेले. तो पत्ता प्लास्टिकच्या कव्हरात वर दिसत होता. कडेला काळी बारीक रेघ, वर वॉर्निश, आणि द्वारपालिणीला नवे डोळे. गणपतीचे, लांबट, शांत. एक जागेवर. दुसरा गालावर उतरलेला.

"तुला माहीत होतं?" किमयाने हळूच विचारलं.

"नाही गं."

हे खरं होतं. आणि खरं असून ते तोंडातून खोट्यासारखं निघालं.

"मग आता सांग ना, पंचांना," मी म्हटलं.

"काय सांगू, आई? कोणी रंगवलं सांगू? का रंगवलं सांगू? ते तिथे बसलेत." तिने पत्ता परत गड्डीत घातला. "त्याच्याशिवाय डेकच नाही माझा."

पुढच्या डावाला समोर आदर्श नावाचा मुलगा होता. त्याने रीतीप्रमाणे तिची गड्डी कापली. परत कापली. तिसऱ्यांदा कापली आणि हात वर केला. गड्डी दरवेळी एकाच पत्त्यापाशी फुटत होती. वॉर्निशने तो एक पत्ता जाड झाला होता.

पंच म्हणजे चष्मा लावलेला तरुण माणूस. त्याने पत्ता कव्हरातून काढला, बोटात वाकवला, उजेडाला धरला. हॉलमध्ये सगळ्या माना वळल्या.

"हे मार्क केलेलं कार्ड आहे. हाताला कळावं म्हणून. कोणी केलं?"

साईराज पुढे आला. आपला पत्ता बघून त्याचं तोंड उतरलं. "किमया, हे तू रंगवलंस?"

किमयाने माझ्याकडे बघितलं. आता मी बोलायचं होतं. वाक्य तयार होतं, छोटंसं होतं. तिच्या आजोबांनी केलं, त्यांना दिसत नाही. एवढंच. वर्षभर माझ्या तोंडात होतं ते. पण चार हातांवर मामंजी हनुवटी वर करून बसले होते, नात जिंकतेय अशा तोऱ्यात, आणि मी पदराचं टोक पिळत उभी राहिले.

"हो," किमया म्हणाली. "मी रंगवलं."

"मुद्दाम?"

तिने गड्डीच्या कडा सरळ केल्या.

"मग चीटिंग म्हणून नाव लागेल. वर्षभर कुठल्याच स्पर्धेत खेळता येणार नाही. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"आणि निदान नीट तरी रंगवायचं," आदर्श म्हणाला. "डोळे बघा, सर. केजीतल्या पोराने काढल्यासारखे." दोन-तीन जण हसले.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मामंजी उठले. एका हाताने खुर्च्यांच्या पाठी चाचपत, एकेक खुर्ची मोजल्यासारखे ते टेबलापर्यंत आले. ते असे चालतात हे मी रोज बघते. त्या दिवशी ते पहिल्यांदा दिसलं.

"दाखवा जरा."

"आजोबा, तुम्ही बसा," किमया घाईने म्हणाली. "काही नाही, संपलं ते."

"तू गप गो." त्यांनी हात पुढे केला. पंचाने गोंधळून पत्ता त्यांच्या हातावर ठेवला. मामंजींनी तो डोळ्यांजवळ नेलाच नाही. अंगठा फिरवला. द्वारपालिणीच्या एका डोळ्यावरून, मग दुसऱ्या.

"हिला ब्रश धरता येत नाय," ते पंचाला म्हणाले. "लहानपणी उंदराला शेपूट काढायला दिली, तर सोंड काढलीन. हे मी केलाय."

"आजोबा, तुम्ही नातीसाठी म्हणताय ते..."

"नाय, नाय. अंगठा लावा इथं. ब्रश उचलतो तिथं रंगाचा बारीक दाणा ऱ्हातो. माझा कानाकडं असतो. मी नाकापासून सुरू करतो आन् कानाशी उचलतो. बापाने तसं शिकवलान." त्यांनी पत्ता टेबलावर ठेवला आणि मान वळवली. मी उभी होते त्याच्या जरा बाजूला, साईराजच्या दिशेला. "आमची नूतन उलटं आखते. कानाकडून नाकाकडं. तिला कोणी शिकवलान नाय ना."

माझ्या हातातून पदर सुटला.

"मामंजी..."

"संध्याकाळी फळीवरच्या मूर्तींवरनं अंगठा फिरवतो मी. गेल्या साली एकाचा दाणा नाकाकडं लागला. म्हटलं, असंल एखादा. आता सगळेच नाकाकडं." ते हसले, पण हसू लांबलं नाही. "चांगली आखतेस गो तू. पण बोळ्याचा वास जात नाय. दुपारी पडलो तरी झोप कुठं लागते?"

पंचाने चष्मा काढून हातात धरला होता. किमया आजोबांच्या बाहीला धरून उभी होती. लहान असताना पेणच्या बाजारात धरायची, तशी.

"रोज वाटायचं, आज सांगतील," मामंजी म्हणाले. "मंग वाटायचं, नको सांगू दे. सांगितलं की ब्रश खाली ठेवावा लागंल. काल ही कड नखाला खरखरली. म्हटलं, गणपतीचं नाय तर नाय, पोरीचं एक काम तरी आपल्या हातनं होऊ दे."

मी पुढे झाले आणि त्यांचा दुसरा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही. पंच बसला होता त्या बाजूला तोंड करून, शाळेत पाठ केलेलं म्हणतात तसं, ते स्पष्ट म्हणाले,

"पोरीचं नाव नका लावू, साहेब. मला दिसत नाय."