काच पुसणाऱ्या चिंधीची कैफियत

मित्रांनो, मी गाडीतली एक जुनी, तेलकट चिंधी आहे. जन्माने मी तेलकट नव्हते, बरं का! शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या कात्रीखालून उरलेला पांढराशुभ्र, मऊ फलालीनचा तुकडा होते मी. त्यांच्या यजमानांनी मला गाडीत नेलं आणि माझे हाल सुरू झाले.

यजमान वायरमन. सकाळी इंजिनातलं तेल मोजायची कांडी माझ्यानेच पुसायचे. मग दमट थंडीत समोरची काच आतून धुरकटली की तिच्यावरही मलाच फिरवायचे. काच आणखी माखायची. वर म्हणायचे, "चिंधीच भिकार आहे!" आता यात माझं काय चुकलं?

बाईंची आई शेजारच्या गावी अंथरुणाला खिळलेली. यजमानांना सवड मिळेल तेव्हाच भेट व्हायची. म्हणून बाई पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकल्या. परवान्याच्या पहिल्या परीक्षेत गाडी चढावर मागे घसरली. दुसऱ्या वेळी काच धुरकटली. बाईंनी यजमानांसारखंच मला फिरवलं, समोर तेलाचे पट्टे उमटले आणि चाक फुटपाथवर चढलं.

"बाई, काच पुसताय की गाडी चालवताय?" परीक्षा घेणारे साहेब म्हणाले.

संध्याकाळी बाईंनी गाडीसोबत आलेलं पुस्तक काढलं. सात वर्षांत ते कुणी उघडलंच नव्हतं!

"अहो, एसी लावायचा असतो. ओलावा ओढून घेतो तो."

"थंडीत एसी? डोकं फिरलंय का तुझं? पुसायची नि निघायचं!"

तिसऱ्या परीक्षेला काच पार पांढरी. परीक्षेच्या मैदानाच्या फाटकाबाहेरून यजमानांचे हातवारे चालूच: पूस, पूस! बाईंचा हात माझ्याकडे आला. अगं बाई, नको गं, मी मनात ओरडले. हात थांबला. त्यांनी बाहेरची हवा आत घेतली, गरम झोत काचेवर सोडला आणि एसी लावला.

"थंडीत एसी?" साहेबही तेच!

"एक मिनिट थांबा, साहेब."

काच खालून वर उजळत गेली. बाई पास झाल्या.

रविवारी त्या एकट्याच निघाल्या. आईची खाट रस्त्याकडच्या खिडकीशी होती. आतून आवाज आला, "कुणी आणलं गं तुला?"

"मीच आले, आई."

मित्रांनो, मला अजून कुणी साबण लावलेला नाही. तेलाला वेगळं फडकं ठेवा, काचेचं धूत जा. कुणीतरी कुणाकडे तरी निघालेलं असतं, त्याच्या वाटेवर उगाच तेल फासू नका.