चुन्याची निवळी

“आता ठोके बसतील, मावशी. हात सैल सोडा.”

गोजरने डोळे गच्च मिटले. खांद्यावर गार मलम लागलं, यंत्राचं तोंड टेकलं आणि ठकठक सुरू झाली. कल्याणच्या दवाखान्यातली ही दुसरी खेप. आवाजाच्या लाटा म्हणे आत शिरून खांद्यातला खडा फोडतात. आवाजानं खडा कसा फुटावा, हे काही तिच्या टाळक्यात शिरत नव्हतं.

खडा कशाचा, ते मात्र डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी फोटोत दाखवलं होतं. “ही पांढरी खूण बघा. कॅल्शियम साठलंय. चुनाच म्हणा ना.”

चुना म्हटल्याबरोबर तिला आपली निवळी आठवली होती. शहापुरात पंचवीस वर्षं ती तान्ह्यांना न्हाऊ घालत होती. पायांवर पोर घ्यायचं, तेल जिरवायचं, ऊनऊन पाण्याचे तांबे ओतायचे आणि धुरी दिली की चमचाभर चुन्याची निवळी पाजायची. हाडं घट्ट होतात म्हणून, सासूनंच शिकवलेलं. आपण तर नुसती बोटं बुडवली, तरी खांद्यात खडा होऊन हात अर्ध्यातच अडकतो. ज्यांच्या पोटात गेली त्यांचं काय?

दुसऱ्या दिवशी नम्रताच्या बाळाला तिनं डाव्या हातानंच कसंबसं न्हाऊ घातलं.

“मावशी, निवळी राहिली.”

“आज नको गो.”

“का?”

गोजर धुरीचे निखारे विझवत बसली.

तिथून निघाली ती एसटी स्टँडवर, हरेशच्या केळ्यांच्या गाडीपाशी. हरेश तिच्याच पायांवर न्हालेला.

“हात वर कर रे.”

“कोणाला मत द्यायचाय, मावशी?” हसत त्यानं दोन्ही हात वर केले.

“दुखतंय का?”

“नाय. पण तुला काय झालाय?”

शिलाईवाल्या जयालाही तिनं तेच विचारलं. आठवड्यात गावभर झालं, गोजरमावशीचं डोकं फिरलंय.

तिसऱ्या खेपेला तिनं धीर करून डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. “खाल्ल्यानं नाही होत हे, मावशी. शरीरच साठवतं. का, ते आम्हालाही नीट कळलेलं नाही.” मग म्हणाले, “पण तान्ह्यांना चुना नकाच देऊ. आईचं दूध पुरतं.”

म्हणजे आपलं चुकलं की नाय? येताना वाटभर तिला उलगडेना. डॉक्टरलाच ठाऊक नाय, तर आपण कोणाला विचारायचं?

शाळेच्या मैदानात शेवटच्या तासाची कवायत चालली होती. शिट्टी वाजली आणि शे-दीडशे हात एकदम वर गेले. त्यातली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हालेली. कुंपणाला टेकून गोजर एकेक हात बघत गेली. अर्ध्यात अडकलेला एकही नव्हता.

मग तिनं आपला हात उचलला. खांद्याशी कळ आली, तरी तो सरकत कानापर्यंत गेला. पुढची शिट्टी होऊन पोरांचे हात खाली येईतो तिनं तो तसाच धरून ठेवला.